कुंपणांच्या मधला ऑक्टोबर

इंग्लंडमधल्या शेतकऱ्याला १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात शेताच्या कडेची जिवंत कुंपणं छाटायला बंदी आहे. त्या महिन्यांत कुंपणात पाखरांची घरटी असतात. सप्टेंबर लागला की बंदी उठते आणि ट्रॅक्टर बाहेर पडतात. ट्रॅक्टरच्या बाजूला एक लांब लोखंडी हात असतो आणि त्याच्या टोकाला गरगर फिरणारी पाती. हा हात कुंपणाच्या अंगावरून फिरला की वर्षभराची वाढ भुगा होऊन रस्त्यावर पडते. त्या भुग्यात हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्न या झुडपांचे काटे असतात. नेमकं याच सुमाराला ऊन उतरलेलं असतं, सुट्टीवर आलेल्यांच्या मोटारी घरी परतलेल्या असतात आणि हवा सायकलीला अगदी सोयीची झालेली असते.

हौशी सायकलस्वाराचा शरद असा पंक्चरनं सुरू होतो.

मे-जूनमध्ये तिथल्या रस्त्यांवर सायकली दिसतात त्या कुणाच्याही असतात. ऑक्टोबरात दिसतात त्या मात्र मुरलेल्यांच्या. लंडनच्या दक्षिणेला सरे, केंट आणि ससेक्स या काउंट्यांत रविवारी सकाळी क्लबांची टोळकी निघतात. पाच-पन्नास मैल हिंडायचं, मध्ये कुठेतरी चहा प्यायचा, दुपारच्या जेवणाला घरी यायचं, एवढाच बेत असतो. शर्यत नाही, बिल्ला नाही. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे पाऊस गेल्यावरचा चटका, आणि पानं गळायची ती पुढे शिशिरात. तिकडे ऑक्टोबर आणि पानगळ एकदमच येतात. दुपारी पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत चढतो, सकाळी बोटं गारठतात, आणि महिनाअखेरीला लंडनच्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर येतो. दिवसभर उन्हं तिरपी पडतात. बीच झाडांच्या तांबूस पानांवर ती पडली की छायाचित्रकार खूश होतो; मोटारवाल्याच्या डोळ्यांवर पडली की सायकलवाल्याचं काही खरं नसतं.

या सगळ्या हिंडण्याचा जीव आहे तो लेनमध्ये. दीड मोटार मावेल एवढी रुंदी, दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यावरून जाणारं कुंपण, मधोमध कधी गवताची पट्टी, आणि दर शंभर-दोनशे पावलांवर असं वळण की पलीकडचं काही दिसू नये. ही वळणं कुणी मुद्दाम आखलेली नाहीत. शेतांच्या हद्दी जशा होत्या तशी वाट वाकत गेली. पुष्कळशी कुंपणं अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत, गावाची सामाईक जमीन कायद्यानं खासगी मालकीत गेली तेव्हा, हॉथॉर्नची रोपं ओळीनं लावून केलेली आहेत. काही त्याहून कितीतरी जुनी आहेत. मॅक्स हूपर नावाच्या शास्त्रज्ञानं त्यांचं वय काढायचा एक ढोबळ ठोकताळा दिला होता: कुंपणाची तीस यार्ड लांबी घ्यायची, तिच्यात किती जातींची झाडं-झुडपं आहेत ते मोजायचं, आणि दर जातीमागे एक शतक धरायचं. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर बऱ्याच शंका काढल्या. पण पंक्चर काढताना दहा मिनिटं कुंपणाला टेकून बसावं लागलं तर वेळ घालवायला हा हिशोब उत्तम आहे.

सरेमध्ये लीथ हिलच्या आसपास लेन जमिनीत खोल गेलेल्या आढळतात. तिथला वालुकाश्म मऊ. शेकडो वर्षं त्यावरून खुरं गेली, चाकं गेली, पावसाचं पाणी वाहिलं, आणि वाट खचत खचत गेली. दोन्ही बाजूंना पुरुष-दोन पुरुष उंचीच्या मातीच्या भिंती उभ्या, त्यांतून बाहेर आलेली झाडांची मुळं, वर फांद्यांचं छप्पर. ऑक्टोबरात या घळीत पानं पडतात आणि पडूनच राहतात, कारण त्यांना उडवून न्यायला वाराही आत येत नाही. खाली कुजलेली, वर ताजी. सायकलस्वार नवखा असेल तर तो रंग बघतो. जुना असेल तर वळणाच्या अलीकडे, सायकल सरळ असतानाच, ब्रेक लावून मोकळा होतो. ओल्या पानांवर झुकलेल्या सायकलीनं ब्रेक दाबला की पुढचं चाक जातं, आणि मग आधी कोपर टेकतं आणि पाठोपाठ कंबर.

काट्याचंही एक शास्त्र आहे. आपल्याकडे शेतवाटेनं सायकल हाणणाऱ्याला बाभळीचा काटा जसा, तसा तिकडे ब्लॅकथॉर्नचा. लांब, ताठ आणि शेंड्याला अतिशय ठिसूळ. तो टायरमधून आत शिरतो, ट्यूबला टोचतो आणि टोक तिथेच ठेवून मोडतो. बाहेरून बघावं तर टायर साफ. घाईनं नवी ट्यूब घालून निघालेला माणूस पुढच्या मैलात पुन्हा उतरतो. म्हणून टायर रिमवरून सोडवायचा, आतल्या बाजूनं बोट अलगद फिरवत न्यायचं आणि खुपेल तिथे थांबायचं. टोक दिसत नाही, लागतं. ते नखांनी किंवा बारीक चिमट्यानं बाहेर काढायचं. हे करताना बोटात काटा मोडला तर त्याकडे काणाडोळा करू नये, असं खेड्यातली माणसं आवर्जून सांगतात, कारण ब्लॅकथॉर्नची जखम सुजते आणि चिघळते. आपल्याकडे कोपऱ्यावर पाण्याची घमेली ठेवून बसलेला पंक्चरवाला असतो. लेनमध्ये तो नाही. थंड बोटांनी, चिखलात गुडघा टेकवून, ज्याचं त्यानं निस्तरायचं.

आणि चिखल तर असतोच. नॉरफक-सफकच्या सपाट प्रदेशात सप्टेंबरपासून साखरबीट काढायला सुरुवात होते आणि हा हंगाम हिवाळा संपेपर्यंत रेटत जातो. कंद काढायचे, शेताच्या कडेला ढीग घालायचे, ट्रकनं कारखान्यात धाडायचे. ऊस कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हे चित्र समजावून सांगायला नको. चाकांबरोबर शेतातली चिकणमाती रस्त्यावर येते आणि एका पावसात तिचा राड होतो. रस्त्यावर चिखल सांडणं हा १९८० च्या महामार्ग कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो. शेतकरी पाटी लावतात, जमेल तसं खरवडून काढतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इथे क्लबातल्या जुन्या सभासदांचा एक नियम लागू होतो. शरद लागला की मडगार्ड लावायचं, आणि मागच्या मडगार्डला खालपर्यंत येणारी रबराची पट्टी जोडायची. मडगार्ड स्वतःसाठी असतं, पट्टी मागच्याच्या तोंडासाठी. पट्टीशिवाय आलेल्याला कुणी काही बोलत नाही. त्याला ओळीत सगळ्यांत मागे ठेवतात.

हिंडणारा माणूस इथे पाहुणा आहे हे उन्हाळ्यात लक्षात येत नाही. हिरव्या कुंपणांमधली रिकामी लेन बघून ती आपल्यासाठीच राखून ठेवली आहे असं वाटू लागतं. ऑक्टोबर हा गैरसमज घालवतो. छाटणीचं यंत्र, मक्याची ट्रॉली, बीटाचा ट्रक, शेतातून शेतात नेली जाणारी मेंढरं, सगळी याच वाटेनं जातात, कारण वाट त्यांच्यासाठीच आहे. त्यात भर फेझंटांची. १ ऑक्टोबरला फेझंटच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्यासाठी कोट्यवधी पक्षी पिंजऱ्यांत वाढवून रानात सोडलेले असतात. त्यांना रस्ता म्हणजे काय हे कुणी शिकवलेलं नसतं. सायकल दिसली की हा लालतांबडा, लांब शेपटीचा पक्षी उडण्याऐवजी धावत सुटतो, सरळ सायकलीच्या पुढे, वीस-तीस पावलं. मग कुंपणात शिरायचं ठरवतो, आणि चाक जवळ आलं की मन बदलून परत फिरतो. त्याच्याएवढा बेभरवशाचा प्रवासी इंग्लंडच्या रस्त्यावर दुसरा नाही.

पाहुण्याला हक्क मिळाला तो कसा, हा भाग मात्र ऐकण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सायकल आली तेव्हा ती कायद्याच्या कुठल्या खणात टाकायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १८७९ मध्ये एक सायकलस्वार बेदरकार वाहन चालवल्याबद्दल पकडला गेला. त्याच्या वकिलाचं म्हणणं असं, की सायकल हे वाहनच नाही. न्यायालयानं ते मानलं नाही आणि शिक्षा कायम केली. आरोपी हरला, पण सायकल मात्र वाहन ठरली. १८८८ च्या स्थानिक शासन कायद्यानं त्यावर देशभरासाठी शिक्कामोर्तब केलं. त्याच कायद्यानं घोडा, गाडी किंवा पादचारी यांना मागे टाकताना घंटा वाजवणं सक्तीचं केलं, आणि ती सक्ती १९३० पर्यंत टिकली.

तोवर हौशी लोक संघटित झालेले होते. १८७८ मध्ये हॅरोगेटला ‘बायसिकल टूरिंग क्लब’ निघाला, पाच वर्षांनी त्याचा ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ झाला. आज ती संस्था ‘सायकलिंग यूके’ या नावानं चालते. पंख असलेलं चाक हे क्लबाचं चिन्ह. ज्या खानावळींशी क्लबाचा करार असे त्यांच्या भिंतीवर या चिन्हाची लोखंडी पाटी लागे, आणि सभासदाला तिथे ठरलेल्या दरात जेवण-मुक्काम मिळे. बार्थोलोम्यू कंपनीच्या अर्ध्या इंचाला एक मैल या प्रमाणाच्या नकाशांसाठी रस्त्यांची माहिती क्लबाचे सभासद हिंडून पाठवत. १८८६ मध्ये सायकलवाल्यांच्याच पुढाकारानं रस्ते सुधारणा संघ स्थापन झाला. रस्ते कसे बांधावे याच्या पुस्तिका छापून त्यांनी रस्ते खात्याच्या अधिकाऱ्यांच्या गळी उतरवल्या. मोटार यायला अजून दहा वर्षं अवकाश होता. इंग्लंडचे रस्ते चांगले असावेत असा धोशा पहिल्यांदा लावला तो सायकलवाल्यांनी, आणि त्याचं फळ मोटारवाल्यांनी खाल्लं, ही गोष्ट तिथल्या मोटारचालकांना अजूनही पटत नाही.

लंडनहून पोर्ट्स्मथकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं रिपली हे गाव तेव्हा सायकलवाल्यांची पंढरी होतं. तिथल्या अँकर नावाच्या खानावळीत डिबल कुटुंबातल्या बहिणी लंडनहून आलेल्या दमल्याभागल्या पोरांना खाऊ घालत. त्यांच्या आठवणीसाठी सायकलस्वारांनी वर्गणी काढून गावच्या चर्चमध्ये स्मारक केलं.

रिपलीपासून थोड्याच अंतरावर ऑकम गाव आहे, आणि तिथे झालेला प्रकार अगदी उलट आहे. २७ ऑक्टोबर १८९८. लेडी फ्लॉरेन्स हार्बर्टन सायकलवरून ऑकमच्या हॉटबॉय हॉटेलात आल्या. वय पंचावन्नच्या घरात. उमरावाची बायको, आणि बायकांच्या पेहरावात सुधारणा व्हावी म्हणून १८८१ मध्ये स्थापन झालेल्या सोसायटीच्या धुरीण. अंगात लांब कोट आणि खाली, घोळदार झग्याऐवजी, ढगळ विजार. झगा चाकात आणि साखळीत अडकतो, बाई पडते, हे त्यांचं साधं म्हणणं. मालकीणबाईंनी त्यांना कॉफी-रूममध्ये बसू द्यायला नकार दिला. झगा नसलेल्या बाईला तिथे जागा नाही; हवं तर बारच्या बाजूच्या खोलीत बसा. तिथे पुरुष धूर काढत आणि पीत बसलेले. लेडी हार्बर्टन उठल्या आणि सायकल घेऊन दुसरीकडे गेल्या.

हॉटबॉय हे सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबाच्या यादीतलं हॉटेल होतं. क्लबानं ते प्रकरण अंगावर घेतलं आणि वाटसरूला जेवण नाकारलं म्हणून मालकीणबाईंवर १८९९ मध्ये खटला भरला. खानावळवाल्यानं वाटसरूला जेवण नाकारू नये हा इंग्लंडचा जुना कायदा. प्रश्न एवढाच होता, की दुसऱ्या खोलीत वाढायची तयारी दाखवली म्हणजे नाकारलं की नाही. ज्यूरीनं मालकीणबाईंना निर्दोष सोडलं. क्लबाला खर्च झाला, वर्तमानपत्रांना महिनाभर पुरेल एवढं खाद्य मिळालं, आणि कायद्याच्या पुस्तकात काही बदललं नाही. तरी हा हरलेला खटला जिंकलेल्या कित्येक खटल्यांहून मोलाचा वाटतो. झग्याशिवाय सायकल चालवणाऱ्या बाईचा विषय चेष्टेच्या सदरातून निघून न्यायालयात पोचला. आणि तो पोचवला शरदातल्या एका साध्या फेरफटक्यानं. आज त्याच भागात रविवारी घट्ट विजारी घातलेल्या बायकांची टोळकी कॅफेत चिखलाच्या बुटांनी शिरतात आणि कुणी मान वर करून बघत नाही.

या लेनचं जे चित्र इंग्रजांच्या मनात ठसलं आहे ते बऱ्याच अंशी एका माणसाच्या हातचं आहे. फ्रँक पॅटरसननं १८९३ पासून जवळजवळ साठ वर्षं ‘सायकलिंग’ साप्ताहिकासाठी शाईची रेखाचित्रं काढली. खानावळीचं दार, पूल, पानं गळालेली झाडं, कुंपणाला टेकवलेली सायकल आणि पाईप ओढत नकाशा बघणारा स्वार. वाट नेहमी रिकामी. जगात एव्हाना मोटारी बोकाळल्या होत्या, पॅटरसनच्या चित्रांत त्या क्वचितच शिरल्या. तो स्वतः ससेक्समधल्या एका जुन्या शेतघरात राहत होता. पायाच्या दुखापतीनं त्याचं सायकल चालवणं आयुष्याच्या मध्यावरच सुटलं होतं, पुढची बरीच चित्रं फोटोंवरून आणि आठवणीतून काढलेली. चित्रं सुंदर आहेत, यात वाद नाही. पण ती बघून लेनवर गेलेला माणूस पहिल्याच ट्रॅक्टरला वैतागतो, हा त्यांचा दोष आहे.

कारण आजची लेन रिकामी नाही. इंग्लंडच्या पुष्कळ अरुंद ग्रामीण रस्त्यांवर कायद्यानं वेगमर्यादा ताशी ६० मैल आहे, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर. एवढ्या वेगानं तिथे कुणी सुज्ञ माणूस जात नाही, पण मोबाइलमधल्या नकाशानं जवळचा रस्ता म्हणून लेनमध्ये ढकललेली पार्सलवाल्याची व्हॅन सुज्ञ असेलच असं नाही. २०२२ मध्ये वाहतूक नियमावली सुधारली गेली. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलीला मागे टाकताना निदान दीड मीटर अंतर ठेवावं, वेग जास्त असेल तर अधिक, असं तिच्यात म्हटलं आहे. लेनची एकूण रुंदीच तीन मीटर असेल तर दीड मीटर आणायचं कुठून? मोटारवाल्यानं मागे थांबायचं, सायकलवाल्यानं शेताच्या फाटकापाशी बाजूला व्हायचं, दोघांनी हात वर करायचा. बहुतेक ठिकाणी हे होतं. होत नाही तिथे बातमी होते.

ऑक्टोबरात या शांत वाटांवर एक प्रकार मात्र बिलकुल शांत नसतो, तो म्हणजे चढाची शर्यत. लंडनच्या कॅटफर्ड क्लबानं १८८७ मध्ये केंटमधल्या वेस्टरम हिलवर ती पहिल्यांदा भरवली. नव्या सायकली चढ चढू शकतात की नाही हे त्या काळी लोकांना खरोखर बघायचं होतं. आता ती सेव्हनओक्सजवळच्या यॉर्क्स हिलवर होते. चढ जागोजागी २५ टक्क्यांपर्यंत उभा, अंतर अर्ध्या मैलाहून कमी, आणि वर झाडांचं छप्पर असल्यामुळे खाली पानांचा ओला थर. तो आधी झाडून काढावा लागतो, नाहीतर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. दोन्ही कडांना माणसं इतकी दाटतात की स्वाराला जेमतेम हँडलच्या रुंदीएवढी वाट उरते. दोन-तीन मिनिटांत सगळं संपतं आणि माथ्यावर पोचलेला माणूस कुणाच्या तरी खांद्यावर कोसळतो. हौशी मंडळी हे बघतात, टाळ्या पिटतात, आणि आपला चढ गुपचूप पायी चढतात.

शर्यतीशी देणंघेणं नसणाऱ्यांचं समाधान निराळ्या गोष्टींत असतं. शेताच्या फाटकावर कुणीतरी वाऱ्यानं पडलेल्या सफरचंदांच्या पिशव्या टांगून ठेवतं, शेजारी पैसे टाकायला पत्र्याचा डबा. दुकानदार नाही, पावती नाही. ही सफरचंदं बहुधा शिजवायची, आंबट आणि वेडीवाकडी. जर्सीच्या पाठीवरच्या तीन खिशांत चार मावतात. पाचवं घातलं की प्रत्येक खड्ड्याला माकडहाडावर आपटतं. कुंपणात शेवटची ब्लॅकबेरी असते, ब्लॅकथॉर्नची निळीकाळी तुरट फळं असतात. ती घरी नेऊन लोक जिनमध्ये साखर घालून मुरवत ठेवतात. म्हणजे सप्टेंबरात ज्या झुडपानं पंक्चर केलं त्याच झुडपाचं नाताळात प्यायला मिळतं.

लेकीकडे किंवा मुलाकडे इंग्लंडला जाणारे मराठी आईवडील बहुधा मे-जून गाठतात. थंडी सोसणार नाही अशी धास्ती असते. गुडघे धड असतील आणि सायकलीची सवय सुटली नसेल तर एकदा ऑक्टोबर धरून बघा. लंडनहून डॉर्किंगला रेल्वेनं तासाभरात पोचता येतं. गर्दीची वेळ टाळली तर त्या गाडीत सायकलही नेता येते. तिथून एका अंगाला बॉक्स हिल आहे, जिच्या नागमोडी रस्त्यावरून २०१२ च्या ऑलिंपिकची सायकल शर्यत गेली. दुसऱ्या अंगाला लीथ हिल आणि खचलेल्या लेन. मुख्य रस्ते सोडा. जाड टायरची सायकल भाड्यानं घ्या, दोन जादा ट्यूब आणि पंप बरोबर ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि नोव्हेंबरच्या मध्यावर सव्वाचारच्या आतबाहेर सूर्य मावळतो, तेव्हा दुपारचा चहा लवकर उरका. अंधार पडल्यावर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. तो तिथे कायदा आहे.